ताटातून भाकरी काढली, पण तिथे ठेवलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एक ताई, वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, नोकरी बँकेत, सकाळी सव्वासातची लोकल. वजन ७७ किलो होतं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ६.१ आलं म्हणून डॉक्टरांनी साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी सुरू केली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आधीपासून चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पोळी, भाकरी, भात, साखर सगळं एका दिवसात बंद केलं. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले आणि मग काटा ७४ वर जो अडकला तो अडकलाच. आता केस पुंजक्याने गळतायत, रेल्वेचा पूल चढताना पाय भरून येतात, खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई म्हणतात, ही भाकरी सोडल्याची फळं आहेत. जिममधला मुलगा म्हणतो वेट्स उचला, पण त्यांना भीती वाटते की दंड पुरुषी होतील. सध्याचं खाणं: सकाळी दुधीचा रस, डब्यात भाजी आणि काकडी, दिवसाला चार बिनसाखरेचे चहा, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री भाजी आणि वाटीभर वरण. अंडी-मासे चालतात, पण श्रावण पाळतात आणि गुरुवारी उपवास असतो, त्या दिवशी भगर.

ताई, बाकी सगळं नंतर. आधी ती अंधारी.

कर्बोदकं एकदम कमी केली की इन्सुलिनची पातळी खाली येते आणि मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकू लागतात. त्यामुळे रक्तदाब आपोआप थोडा उतरतो. तुमची गोळी मात्र जुन्याच रक्तदाबाच्या हिशोबाने चालू आहे. म्हणून घरच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजा, एकदा बसून आणि एकदा उभं राहून, आणि ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्या मेटफॉर्मिनची मला फारशी काळजी नाही. पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून सांगतो: जे मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी पोळी-भात अचानक सोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग करूच नये. त्यात रक्तात आम्ल साठतं आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ ठीक दिसत राहते, त्यामुळे धोका कळतच नाही.

आता सासूबाईंचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत.

आपल्या घरांतून प्रथिनांचा मोठा वाटा डाळीतून नाही, धान्यातून येतो. हे ऐकून लोक चकित होतात. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात १० ते १२ ग्रॅम प्रथिन असतं. दिवसाला चार पोळ्या खाणारी बाई त्यातूनच बारा-चौदा ग्रॅम मिळवत असते. तुम्ही पोळी काढलीत ती कर्बोदकं म्हणून, पण तिच्याबरोबर हे प्रथिनही गेलं आणि त्या जागी आली काकडी. तुमचा आजचा हिशोब मी मांडून पाहिला. चार चहांतलं दूध ६-७ ग्रॅम, भाज्या ५, वरण ६, शेंगदाणे ७-८. झाले सगळे मिळून पंचवीस. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) शिफारस केलेला आकडा आहे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण ६१. हा नुसतं नीट जगण्यापुरता आकडा झाला. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना मी तो किलोला एक ग्रॅमच्या वर ठेवतो, तुमच्यासाठी ७५ च्या आसपास. गरज पंच्याहत्तरची आणि पोटात पंचवीस, तेही तीन महिने. केस गळणारच. झपाट्याने वजन उतरलं किंवा आहार एकदम आटला की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तुमचं वेळापत्रक अगदी तेच आहे. सहसा ते परत येतात. तरीही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. या वयात बायकांचं लोह फार कमी निघतं आणि मग सगळा दोष बिचाऱ्या डाएटला लागतो.

पहिले तीन किलो तीन आठवड्यांत गेले आणि पुढे काहीच का नाही? कारण त्या तिनातला बराच भाग चरबी नव्हताच. शरीर स्नायूंत आणि यकृतात चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. धान्य बंद केलं की हा साठा आटतो, पाणी निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. लग्नात दोन दिवस जेवलात की तो तितकाच वर जाईल, तेव्हाही घाबरू नका, तेही पाणीच.

मग अडकलेले दोन महिने. तुम्ही लिहिलंय की 'कार्ब नाहीत म्हणून' शेंगदाणे मोजत नाही आणि भाजीला तेल सैल हाताने घालता. शेंगदाण्यांची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे १७० कॅलरी. ऑफिसमध्ये बोलता बोलता तीन मुठी सहज जातात. एक मोठा चमचा तेल सव्वाशेच्या आसपास. कर्बोदकं नसली म्हणून ऊर्जा नसते असं थोडंच आहे?

इथे मला माझीच चूक सांगायला हवी. सात-आठ वर्षांपूर्वी मीसुद्धा बहुतेक सगळ्यांना कीटोवर ठेवायचो. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं, बाकी पनीर, चीज, तूप. वजनं झरझर उतरायची, माणसं खूश आणि मीही खूश. वर्षभराने तीच माणसं परत यायची, वजन जुनंच, पण हात-पाय काटकुळे आणि पोट पूर्वीपेक्षा सैल. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर गेलेल्या वजनात पाव हिस्सा तरी स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असू शकतो. वजन परत येतं तेव्हा चरबी आधी येते, स्नायूंची वाट पाहावी लागते. तेव्हापासून मी काट्याबरोबर शिवणकामाचा टेप वापरायला लागलो आणि प्रत्येकाला वजनं उचलायला लावायला लागलो.

आपल्या लोकांना हे अधिकच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दुपटीहून जास्त! पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांवरही याज्ञिकांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथे दिसलं तेही हेच, बाळं वजनाने कमी, पण चरबी राखून आणि स्नायूंत लंगडी. म्हणजे आपली खोड जन्मापासूनची आहे. असं असताना वजन उतरवण्याच्या नादात आहेत ते स्नायूही घालवणं आपल्याला परवडत नाही.

लो-कार्ब मुळात योग्य की अयोग्य, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर चाचणी केली, २०१८ मध्ये निकाल आले. कमी स्निग्ध आहारवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६.० किलो. हा फरक धरण्यासारखा नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळायला आणि भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं, यश बहुधा त्यातच होतं. मग मी तुम्हाला कर्बोदकं कमी करायला का सांगतोय? कारण तुमची साखर सीमारेषेवर आहे आणि कारण आपण पहिल्यापासून फार वरून सुरुवात करतो. आयसीएमआर-इंडियाबच्या देशभरच्या पाहणीत भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते असं निघालं. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: पांढरा भात काढून गहू किंवा ज्वारी-बाजरी आणली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा हिस्सा काढून तिथे डाळी, दूध, अंडी, मासे यांचं प्रथिन ठेवलं, तेव्हा दिसला. गेल्या काही वर्षांत 'पोळी सोडा, भाकरी खा' म्हणत तीन-तीन भाकऱ्या चेपणारे किती जण मी पाहिलेत!

तर तुमचं ताट. पूर्वीचा हिशोब साधारण असा: चार पोळ्या ८० ग्रॅम कर्बोदकं, दोन वाट्या भात ८०, पोहे ४५, चहातली साखर ४०, बिस्किटं १५. अडीचशेच्या वर. तिथून तुम्ही एकदम चाळीस-पन्नासवर आलात. इतकं खाली जायची गरज नव्हती. १२० च्या आसपास थांबा. तेही पूर्वीच्या निम्म्याहून कमीच आहे.

म्हणजे भाकरी परत आणा. एक. दुपारी डब्यात, पन्नास ग्रॅम पिठाची, ३५ ग्रॅम कर्बोदकं. तिच्याबरोबर मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, पातळ रस्सा नको, दाणे दिसले पाहिजेत. आणि मोठी वाटी दही. सकाळी दुधीच्या रसाऐवजी तीन अंडी, उकडून किंवा कांदा-मिरची घालून पोळा. तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम प्रथिन. लोकलमध्ये उभ्याने खाता येत नाही हे मान्य, पण निघताना दोन खाऊन तिसरं बँकेत पोचल्यावर खाता येतं. संध्याकाळी शेंगदाण्यांऐवजी फुटाणे, एकच मूठ. रात्री दीडशे ग्रॅम बांगडा किंवा चिकन, भरपूर भाजी आणि हवा तर एक फुलका किंवा अर्धी वाटी भात. मासे रव्यात लोळवून तळलेले नकोत, तिखलं चालेल. आणि सुकट, सोडे यांना विसरू नका. स्वस्त, प्रथिनांनी गच्च आणि डब्यातून नेलं तर शेजारच्या टेबलावरचे उठून जातात, एवढाच तोटा. शिवाय खारवलेले असतील तर मीठ धुऊन घ्या, तुमचा रक्तदाब आहे.

श्रावणात पनीर (१०० ग्रॅमला १८), सोयाबीनच्या वड्या (४० ग्रॅम कोरड्या वड्यांत २० ग्रॅम) आणि चक्का. हो, श्रीखंडाचाच चक्का, साखर घालायच्या आधीचा. दही फडक्यात रात्रभर टांगलं की पाणी निघून जातं आणि उरलेल्या चक्क्यात दह्याच्या दुपटीहून जास्त प्रथिन मिळतं. मॉलमध्ये ग्रीक योगर्ट म्हणून जे महाग विकतात ते जवळपास हेच. काकडी, जिरेपूड, मीठ घालून खा. जिममधल्या मुलाने सुचवलेली व्हे पावडर वाईट नसते, पनीर करताना खाली राहणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनाचीच ती भुकटी आहे. पण ताटातून पंच्याहत्तर जमत असतील तर तो खर्च कशाला?

गुरुवारचं मात्र बोलायला हवं. भगरीला आपण वरीचे तांदूळ म्हणतो, पण ते एक भरडधान्यच आहे. आठवडाभर भाकरीला हात न लावणारी व्यक्ती गुरुवारी दोन वाट्या भगर आणि बटाट्याची भाजी खाते, याला आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. भगर अर्धी वाटी आणि सोबत दही, ताक, पनीर. साबुदाण्यात तर स्टार्चशिवाय जवळजवळ काहीच नसतं, ते नको.

दोनदाच जेवू का, हेही तुम्ही विचारलंय. डॉ. जिचकार आणि पुढे डॉ. दीक्षित यांच्यामुळे महाराष्ट्रात हा विचार घराघरात पोचला. मधल्या वेळचं अरबट-चरबट बंद होतं हा त्याचा मोठा फायदा. तुम्हाला जमत असेल तर जरूर करा. माझी अट एकच, दोन जेवणांत पंच्याहत्तर बसवायचे म्हणजे प्रत्येकात सदतीस हवेत. मासे-अंड्यांच्या दिवशी बसतील, शाकाहारी दिवशी पोट फुटेल.

आता वजनं. दंड पुरुषी होण्याची भीती सोडा. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बायकांपेक्षा दहा पटींहून जास्त असतं, तरी जिममध्ये पाच-पाच वर्षं घाम गाळून दंडाची बाही न भरलेले पुरुष मी रोज पाहतो. ते अपघाताने होत नाही. आणि बायका वजनं उचलत नाहीत असं कोण म्हणतं? भरलेली गॅसची टाकी जवळजवळ तीस किलोची असते, १४.२ किलो गॅस आणि तितकीच, किंबहुना थोडी जास्तच, लोखंडाची टाकी. ती तुम्ही स्वयंपाकघरात गुडघे न वाकवता, पाठीचं धनुष्य करून सरकवता. मी तुम्हाला तेच काम नीट करायला शिकवणार आहे, त्याला जिममध्ये डेडलिफ्ट म्हणतात.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं, घराशेजारी तालीम होती. जोर-बैठका, मुद्गल, लाल माती. त्यामुळे ताकदीचा व्यायाम हे परदेशी फॅड आहे असं मला कधी वाटलं नाही. फक्त तालमीत एक अडचण आहे: पैलवान बैठका शेकड्यांनी काढतात. तुम्हाला शेकडा नको. स्नायूला अवघड वाटेल इतकं वजन आठ ते बारा वेळा उचलायचं, शेवटी अजून दोनच जमले असते असं वाटलं की थांबायचं. दोन मिनिटं बसायचं, पुन्हा. असे दोन-तीन सेट.

आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास. खुर्चीवर टेकून उठायचं, आधी हात मोकळे, मग छातीशी पाच किलोची आट्याची पिशवी. ओट्याला हात टेकून जोर. तीन आठवड्यांनी ओट्याऐवजी पलंगाची कड, मग जमीन. एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कंबरेकडे ओढणं, आपल्या पाठीचा वरचा भाग संगणकापुढे मेलेला असतो, त्याला हे लागतं. कंबरेतून मागे जाऊन वजन उचलणं, यासाठी मात्र पहिले चार वेळा कुणाकडून तरी शिकून घ्या, व्हिडिओवरून नको. शेवटी दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन पॅसेजमध्ये ताठ चालणं, भाजी मंडईतून येता तसंच. रक्तदाब असल्यामुळे जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. अंधारीचा निकाल लागेपर्यंत वाकून उचलण्याचा प्रकार थांबवा.

खरी मेख वहीत आहे. दर वेळी काय उचललं, किती वेळा, हे लिहा आणि दोन आठवड्यांनी त्यात काहीतरी वाढलेलं असू द्या, अर्धा किलो किंवा एक जास्तीची बैठक. तीच दोन किलोची गुलाबी डंबेल्स सहा महिने हलवत राहिलात तर ते हात वारे करणं झालं. जिममध्ये तुम्हाला असंही सांगतील की स्नायू वाढले की झोपेतसुद्धा धो धो चरबी जळते. नाही जळत. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो, अर्ध्या बिस्किटाइतक्या. स्नायू हवेत ते दुसऱ्या कारणासाठी: जेवणानंतरची साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार तेच आहेत. तुमच्या ६.१ वर इलाज तिथे आहे. शिवाय रेल्वेचा पूल.

काटा आठवड्यातून एकदाच, कंबर पंधरा दिवसांनी, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या वर धोका मानतात. पहिल्या महिन्यात भाकरी परत आल्यामुळे आणि स्नायूंनी पाणी धरल्यामुळे वजन एखादा किलो वाढेल. सासूबाई म्हणतील, बघ, डाएटचा फज्जा. टेप दाखवा. त्यानंतर महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर मला पुरे. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत परत करू नका, ती तपासणी मागच्या तीनेक महिन्यांचीच सरासरी सांगते.

आणि त्या दुधीच्या रसाचं राहिलंच. त्यात प्रथिन नाही, चोथा तुम्ही गाळून टाकता, म्हणजे उरतं हिरवं पाणी. तरी प्यायचाच असेल तर दुधी किसण्याआधी तुकडा चाखून बघा. कडू लागला तर पूर्ण दुधी फेका, औषध म्हणून डोळे मिटून पिऊ नका. कडू दुधीतलं क्युकरबिटासिन विषारी असतं, लोक त्याने दगावलेले आहेत. गोड निघाला तर त्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा.